उकिरड्याचे वय शेवटच्या बुट्टीपासून मोजावे: शेणखतातील रोगजंतू शेतात जाण्याआधी कसे आवरावेत

रोहिणी नक्षत्र तोंडावर आले, की बेळगाव, खानापूर आणि निपाणीच्या शिवारांकडे खताच्या ट्रॉल्या धावू लागतात. वर्षभर साठलेला उकिरडा आठवड्याभरात रिकामा होतो. बरेचसे खत धूळवाफ पेरणीच्या (पावसाआधी कोरड्या मातीत पेरलेल्या) भाताला व उसाच्या सरीत पडते आणि उरलेसुरले भाजीच्या वाफ्यात जाते. खत चांगले कुजलेले असावे, हे कोणा शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, कारण कच्च्या खताबरोबर तणाचे बी आणि हुमणी शेतात येते व कोवळी रोपे करपतात, हे प्रत्येकाने पाहिलेले असते. त्याच खताबरोबर माणसाला आजारी पाडणारे जंतूही येतात. ते दिसत नाहीत, म्हणून त्यांचा विचार सहसा होत नाही. शेणखताला पर्याय नाही, त्यामुळे खरा प्रश्न एवढाच उरतो की कोणते खत, किती तापवून, कोणत्या पिकाला आणि काढणीच्या किती दिवस आधी द्यावे.

खताबरोबर काय येते

ई. कोलाय ओ१५७ हा जंतू धडधाकट गाई-म्हशींच्या आतड्यात राहतो. जनावराला त्याचा काहीही त्रास होत नाही आणि दूधही कमी होत नाही, त्यामुळे गोठ्यात तो आहे की नाही हे पाहून कळत नाही. माणसाच्या पोटात मात्र शंभराहून कमी जंतू गेले तरी रक्ताची हगवण लागू शकते, आणि लहान मुलांमध्ये त्यातून मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत मजल जाते. कोंबडीखतात साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर यांचे प्रमाण अधिक आढळते. हगवण लागलेल्या लहान वासराच्या शेणात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी असू शकतो, आणि तो क्लोरीनला दाद देत नसल्यामुळे विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून त्याचा बंदोबस्त होत नाही. गोठ्यातील मूत्रावाटे आणि उंदरांवाटे लेप्टोस्पायरा हा लेप्टोच्या तापाचा जंतू पसरतो. धनुर्वाताचे बीजाणू तर शेणात आणि मातीत कायमचेच असतात, आणि चांगल्या तापलेल्या ढिगातही ते मरत नाहीत.

हे जंतू शेतात किती दिवस तग धरतात, याचे एकच उत्तर देता येत नाही. कडक ऊन आणि कोरडेपणा यांनी ते लवकर मरतात, तर ओलसर, थंड आणि सावलीच्या जागी काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत जिवंत राहतात. म्हणजे मे महिन्यातील अथणीचे माळरान आणि जुलैमधील खानापूरचे शिवार या दोन ठिकाणचा हिशेब सारखा नसतो. माणसाच्या मैल्यातील जंतांची अंडी सर्वांत चिवट असून ती मातीत काही वर्षेही टिकतात. शौचालयाच्या टाकीतील मैला टँकरने आणून शेतात सोडण्याचा प्रकार म्हणूनच कोणत्याही पिकासाठी करू नये. कोबीत मेंदूत जाणारा किडा असतो, अशी जी भीती बाजारात अधूनमधून पसरते, तिच्या मुळाशीही हाच मैला आहे: फीतकृमीची ती अंडी कोबीत तयार होत नाहीत, तर माणसाच्या विष्ठेतून पानांवर येतात.

अमेरिकेत २००६ साली पालकाच्या पानांतून ई. कोलाय ओ१५७ पसरला, सुमारे २०० जण आजारी पडले आणि तिघांचा मृत्यू झाला. तोच जंतू शेतालगतच्या कुरणातील गुरांच्या शेणात आणि तेथील रानडुकरांमध्ये सापडला. खानापूरच्या जंगलकाठच्या शेतकऱ्यांना रानडुकरे पिकाची नासधूस करतात म्हणून नकोशी असतातच. भाजीच्या वाफ्याला कुंपण घालण्याचे हे आणखी एक कारण.

नेहमीचा उकिरडा कोठे कमी पडतो

जंतू मारण्याची दोन साधने शेतकऱ्याच्या हातात आहेत: उष्णता आणि काळ. गावातला नेहमीचा उकिरडा या दोन्हींत कमी पडतो. रोज सकाळी गोठा लोटल्यावर एक-दोन बुट्ट्या शेण त्यावर पडते. एवढ्याशा शेणात ढीग तापवण्याइतकी ताकद नसते, ते पसरून वाळते किंवा पावसात भिजून घट्ट बसते, आणि आतपर्यंत हवा न पोहोचल्यामुळे ढीग थंडच राहतो. दुसरे असे की तळाचे खत वर्षाचे, मधले सहा महिन्यांचे आणि वरचे कालचे असते. ट्रॉली भरताना सगळे एकत्र कालवले जाते आणि कालच्या शेणातील जंतू वर्षभराच्या खतात मिसळून शेतात पोहोचतात. अशा ढिगाला वर्षाचे खत म्हणणे हिशेबाला धरून नाही. त्याचे वय शेवटची बुट्टी पडली त्या दिवसापासूनच मोजावे.

पहिली सुधारणा म्हणूनच बिनखर्चाची आहे: एकाऐवजी दोन उकिरडे करावेत. एक भरत असताना दुसरा पूर्ण बंद ठेवावा, त्यावर शेणाची एक बुट्टीही टाकू नये, आणि बंद केल्याची तारीख लिहिलेली पाटी किंवा खुंटी त्याच्याजवळ रोवावी. घरातील सर्वांना, विशेषतः गोठा लोटणाऱ्या व्यक्तीला, कोणता ढीग बंद आहे हे ठाऊक असले पाहिजे. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण दोन उकिरड्यांची योजना बहुतेक ठिकाणी येथेच मोडते.

रंग आणि वास यांवर विसंबू नये. काळे, भुसभुशीत आणि मातीसारखा वास येणारे खत पिकासाठी उत्तम असेलही, परंतु ते जंतुमुक्त आहे असे त्यावरून ठरत नाही, कारण थंडपणे सावकाश कुजलेले खतही तसेच दिसते.

ढीग तापवण्याची रीत

भाजीपाल्यासाठी लागणारे खत तापवूनच घ्यावे. त्यासाठी दसरा-दिवाळीनंतर पाऊस उघडल्यापासून वळिवाच्या सरी सुरू होईपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा असतो, आणि ऊसतोडीमुळे याच दिवसांत पाला मुबलक मिळतो. चिकोडी, रायबाग आणि हुक्केरी भागात तोडणीनंतर फडातील पाला पेटवून देण्याची सवय अजून गेलेली नाही, आणि ढीग तापत नाही अशी तक्रारही पुष्कळदा त्याच शिवारातून ऐकू येते. तापण्यासाठी शेणाला जे सरपण हवे असते, तेच आपण बांधावर जाळून टाकतो.

जागा उंचवट्यावरची निवडावी. विहीर किंवा कूपनलिका यांपासून ती किमान १०० फूट दूर असावी आणि ढिगातून झिरपणारे पाणी नाल्याकडे, विहिरीकडे किंवा भाजीच्या वाफ्याकडे उताराने जाणार नाही, हे पाहावे. खाली अर्धा फूट जाडीचा पाल्याचा थर अंथरावा. त्यावर ताजे किंवा फार तर महिनाभराचे शेण आणि बारीक केलेला पाला, जनावरांनी टाकलेली वैरण, वाळलेले तण असा कोरडा माल आलटून पालटून पसरावा. आकारमानाने एक भाग शेणाला दीड ते दोन भाग कोरडा माल धरावा. कर्ब आणि नत्र यांचे गुणोत्तर २५ ते ३० ला १ असावे, असे जे शास्त्र सांगते, त्याच्या जवळपास या मिश्रणाने पोहोचता येते. ढीग पाच फूट रुंद आणि चार ते पाच फूट उंच करावा, लांबी मालाप्रमाणे ठेवावी. प्रत्येकी रोज १२ ते १५ किलो शेण देणाऱ्या दोन म्हशी असतील, तर पाच आठवड्यांत साधारण एक टन शेण जमते, आणि एका ढिगाला तेवढे पुरते. महत्त्वाचे म्हणजे सगळा ढीग एक-दोन दिवसांत रचून पूर्ण करावा.

ओल तपासण्यासाठी आतले मिश्रण मुठीत घट्ट पिळावे. बोटांच्या फटींतून एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर आहे. धार लागली तर कोरडा माल वाढवावा, आणि हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडावे. रचलेला ढीग पाल्याने झाकावा आणि वळिवाची चिन्हे दिसताच त्यावर ताडपत्री ओढावी.

दोन ते चार दिवसांत ढिगाचे पोट तापू लागते. सकाळच्या गारव्यात वरून वाफ निघताना दिसते, आणि थोडे उकरले तर आत राख भुरभुरावी तसा पांढुरका थर आढळतो. लांब दांड्याचा थर्मामीटर मिळाला तर तो दोन-अडीच फूट आत खुपसून तापमान नोंदवावे, कारण अंदाजापेक्षा आकडा बरा. तो नसेल तर लोखंडी पहार ढिगात दहा मिनिटे खुपसून ठेवावी; बाहेर काढल्यावर तिचे आतले टोक हातात धरवत नसेल, तर ढीग पुरेसा तापला आहे असे ढोबळमानाने समजावे. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत उघड्यावरील ढिगासाठी तापमान १५ दिवस ५५ अंश सेल्सिअसच्या वर असावे आणि त्या काळात ढीग किमान पाच वेळा पलटावा, असे म्हटले आहे. आपल्याकडेही हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

पलटण्याचे काम कष्टाचे आहे, आणि मजुरीचा विचार करून तेच प्रथम गाळले जाते. तसे करू नये, कारण ढिगाचा बाहेरचा फूटभर थर कधीही पुरेसा तापत नाही. पलटताना हा बाहेरचा थर मुद्दाम आत घालावा आणि आतला माल बाहेर आणावा. नुसते खालीवर केल्याने उपयोग होत नाही. पलटल्यानंतर तापमान उतरते आणि दोन दिवसांत पुन्हा चढते. ते चढलेच नाही, तर बहुधा ओल कमी झालेली असते किंवा ढीग लहान पडलेला असतो. पंधरा दिवसांचा ताप पूर्ण झाल्यावर खत दोन महिने मुरू द्यावे.

यवतमाळ जिल्ह्यात विकसित झालेली, टाक्यात खत कुजवण्याची नाडेप पद्धत अनेकांना ठाऊक आहे. तिचे टाके एका दमात भरून लिंपून टाकायचे असते, हा तिचा मोठा गुण. पण त्यात पलटणे नसल्यामुळे भिंतीलगतचा माल थंड राहतो. ज्यांना पलटणे शक्यच नाही, त्यांनी बंद केलेला ढीग किमान सहा महिने ठेवावा आणि ते खत भात, मका, ऊस यांनाच द्यावे.

तयार खत पुन्हा बिघडते, याकडे बरेचदा लक्ष जात नाही. ज्या खोऱ्याने सकाळी ताजे शेण ओढले, त्याच खोऱ्याने दुपारी तयार खत भरू नये. निदान भाजीच्या खतासाठी वेगळे खोरे आणि वेगळी बुट्टी असावी. तयार खतावर कोंबड्या आणि कुत्री बसणार नाहीत, तसेच वरच्या उकिरड्याचे पाणी त्यात उतरणार नाही, अशी आडोशाची जागा त्याला द्यावी.

पीक आणि दिवस यांचा मेळ

न तापवलेले शेणखत आणि काढणी यांत किती अंतर असावे, यासाठी वर उल्लेखिलेल्या नियमांतलाच दुसरा आकडा उपयोगी आहे: ज्या पिकाचा खाण्याचा भाग मातीला लागतो किंवा ज्यावर माती उडते, त्याला १२० दिवस आणि इतरांना ९० दिवस. मेथी महिन्याभरात काढणीला येते, कोथिंबीर आणि मुळा दीड महिन्यात, गाजर तीन-साडेतीन महिन्यांत. म्हणजे वाफा तयार करताना कच्चे खत टाकून ही पिके घेतली, तर १२० दिवसांचे अंतर पाळणे अशक्यच आहे. काकडी, टोमॅटो, कोथिंबीर, गाजर, मुळा आणि कांद्याची पात ही बहुधा कच्चीच खाल्ली जातात, म्हणून या पिकांना फक्त तापवलेलेच खत द्यावे.

या भागाच्या पीकपद्धतीत एक सोय आपोआप आहे. मे महिन्याच्या मध्यावर भाताच्या शेतात टाकलेल्या साध्या शेणखताला सप्टेंबरच्या मध्यावर १२० दिवस पूर्ण होतात, आणि भात कापून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्याच शेतात भाजी केली तर अंतर सहा महिन्यांवर जाते. म्हणून कच्चट खत खरिपाच्या भाताला किंवा मक्याला घालावे आणि रब्बीच्या भाजीने त्याचा उरलेला कस खावा. बटाटा आणि रताळी शिजवून खाल्ली जात असल्यामुळे त्यांचा धोका कमी आहे. मात्र मातीने भरलेल्या बटाट्याच्या पोत्यांवर कोथिंबिरीच्या जुड्या रचून टेम्पो बाजाराला नेऊ नये. बेळगावची भाजी रोज गोव्यात जाते, आणि वाटेतील तासांत ओल्या जुडीवरचे जंतू वाढायला वाव मिळतो.

शेतात पसरलेले खत त्याच दिवशी कुळवाने मातीत मिसळावे. मोठ्या पावसाच्या तोंडावर खत पसरणे टाळावे, आणि विहीर, नाला किंवा ओढ्यालगत ३० फुटांची गवताची पट्टी खताविना सोडावी. मलप्रभा कणकुंबीजवळ उगम पावते आणि तेथून पुढे गावोगावचे लोक तिचे पाणी वापरतात; वरच्या शिवारातून वाहून गेलेले शेण खालच्या गावाच्या घागरीत उतरते.

कोंबडीखत, मेंढरे, गांडूळखत आणि जीवामृत

पोल्ट्रीतील तुसासह येणारे खत पोत्यांतून आणून बांधावर महिनोन्महिने ठेवले म्हणजे ते कुजले, असे होत नाही. त्यात नत्र फार असल्यामुळे एका भागाला दोन ते तीन भाग पाला घालून, ओल धरून, वरील रीतीने ते तापवावे. त्यात मेलेल्या कोंबड्या असतील तर ते घेऊच नये. अशा खताच्या शेतात चरलेल्या गुरांना बोट्युलिझम होऊन ती लुळी पडतात आणि दगावतात.

मेंढरे बसवणे, म्हणजे लेंड्यांच्या खतासाठी कळप शेतात मुक्कामाला ठेवणे, ही उत्तम रीत आहे आणि ती बंद करण्याचे कारण नाही. मेंढरे उन्हाळ्यात, भात किंवा मका येणाऱ्या शेतात बसवावीत, भाजीच्या शेतात नकोत. मात्र ज्या कळपात गाभडण्याचे प्रकार चालू असतील, तो शेतात घेऊ नये. ब्रुसेला आणि क्यू तापाचे जंतू वार, गर्भजल आणि मेलेल्या गर्भातून मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात शेळ्यांपासून पसरलेल्या क्यू तापाचे ४,००० हून अधिक रुग्ण नोंदवले गेले. गोठ्यातील गाय गाभडली तर वार आणि गर्भ उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकू नये. हातमोजे घालून, चुना टाकून, खोल खड्ड्यात पुरावे आणि जनावरांच्या डॉक्टरांना कळवावे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशींच्या मादी रेडकांना ब्रुसेलोसिसची लस सरकारी योजनेतून मिळते, ती चुकवू नये. काळपुळीने (अँथ्रॅक्सने) जनावर दगावल्याचा संशय असेल तर ते फाडू नये आणि उकिरड्याच्या आसपासही आणू नये, कारण त्या रोगाचे बीजाणू मातीत अनेक दशके टिकतात.

गांडूळखताविषयी एक गैरसमज आहे. गांडुळे उष्णता सोसू शकत नाहीत, म्हणून गांडूळखताचा वाफा तापत नाही आणि जंतू मारण्याची हमी त्यातून मिळत नाही. शेण आधी दोन-तीन आठवडे ढिगात तापवून, थंड करून, मगच गांडुळांना द्यावे. गोबर गॅसच्या स्लरीत जंतू कमी होतात, संपत नाहीत. ती उसाला किंवा चाऱ्याला सोडावी.

जीवामृताबाबत थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण कर्नाटकात नैसर्गिक शेतीचा प्रसार मोठा आहे आणि हे द्रावण घरोघरी बनते. २०० लिटर पाण्यात १० किलो ताजे शेण, गोमूत्र, २ किलो गूळ आणि २ किलो बेसन मिसळून ते आंबवले जाते. गूळ आणि पीठ मातीतील उपयुक्त जिवाणूंना जसे खाद्य पुरवतात, तसेच ते ई. कोलाय आणि साल्मोनेला यांनाही पुरवतात; मळी किंवा साखर घातलेल्या कंपोस्टच्या अर्कात हे जंतू वाढतात, असे प्रयोगांतून दिसले आहे. जीवामृत पाटाच्या पाण्यातून भाताला, उसाला किंवा फळझाडांच्या बुंध्याशी द्यावे. मेथी, कोथिंबीर, पालक यांच्या पानांवर ते फवारू नये, मग पानांवर कितीही तजेला येवो.

धुण्याचे पाणी आणि घरची माणसे

तापवलेल्या खतात वाढलेले गाजर सांडपाण्यात धुतले, तर सारे कष्ट वाया जातात. बळ्ळारी नाला बेळगाव शहराचे सांडपाणी घेऊन वाहतो आणि पावसाळ्यात शहापूर, वडगाव परिसराच्या शिवारात पसरतो. त्या पाण्यात भाजी धुऊ नये, आणि पूर ओसरलेल्या वाफ्यातील पालेभाजी बाजारात नेऊ नये. मुळा, गाजर, बीट धुण्यासाठी पिण्यायोग्य पाणी वापरावे आणि ते गढूळ होताच बदलावे. पाणी पाटाने दिले तरी चालते, पण पालेभाजीच्या मुळाशी ठिबकने दिले तर पानांवर चिखल उडत नाही.

खत विस्कटताना पायात गमबूट असावेत. कोरडे खत उडत असेल तर त्यावर पाणी शिंपडावे आणि नाकाला रुमाल बांधावा. हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखू मळू नये, हे विशेषतः सांगावे लागते. दिवाळीच्या पाडव्याला शेणाचे पांडव घालणाऱ्या मुलांनीही फराळाला बसण्याआधी साबणाने हात धुवावेत. पायाला जखम झाली तर धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख तपासून घ्यावी.

भातलावणीनंतर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या आणि डोळे लाल झाले, तर लेप्टोचा संशय धरून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मुलाला रक्ताची हगवण लागली तर मेडिकलमधून जुलाब थांबवणारी गोळी किंवा अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने आणून देऊ नये, ई. कोलाय ओ१५७ मुळे होणाऱ्या आजारात त्यामुळे मूत्रपिंडांचा धोका वाढू शकतो. मूल पाणी पीत असेल तोवर ओआरएस पाजत राहावे, लघवी कमी होते आहे का याकडे लक्ष ठेवावे, आणि घरात गुरे आहेत व मूल गोठ्यात किंवा खतात खेळले होते, ही माहिती डॉक्टरांना न विचारता सांगावी.